नामदार गोखले आणि शिलकी अंदाजपत्रक

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा कलकत्त्याशी नाते असलेली नावे मी मनाशी आठवू लागलो. सखाराम गणेश देउस्करांचे नाव प्रथम येणे साहजिक होते. परंतु त्यांच्याविषयी आपल्यातील जाणकारांनी पुष्कळ लिहिले-बोलले आहे. पुणेकर समजल्या जाणाऱ्या आणखी एका गृहस्थांनी आपल्या आयुष्यातले जवळजवळ दहा हिवाळे या शहरात काढले, आणि ज्या कामामुळे त्यांच्या नावामागे ‘नामदार’ ही पदवी कायमची चिकटली ते काम त्यांनी पुण्यात नव्हे, तर येथल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये केले, ही गोष्ट मात्र आपण विसरून गेलो आहोत. ते म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

मी काही अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. साधा बी. ए. असून उभी नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबांत गेली. परंतु जमाखर्चाच्या कागदांवर तीस वर्षे नजर फिरविलेल्या माणसाला गोखल्यांची अंदाजपत्रकांवरील भाषणे वाचताना जो आनंद होतो तो केवळ देशभक्तीचा नसतो. आकडे तेच, सरकारनेच छापलेले; पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडायचे, यावर सारा वाद फिरतो, हे या गृहस्थांना फार लवकर उमगले होते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर आला. गोविंदरावांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठविले. पंधरातून आठ गेल्यावर सात उरतात आणि त्या सातांत बाकीचे कुटुंब चालते, हा गोखल्यांच्या आयुष्यातला पहिला जमाखर्च. पुढे मिठावरील आठ आण्यांसाठी हा मनुष्य वर्षानुवर्षे का झगडला, याचा उलगडा करण्यास दुसरा पुरावा शोधण्याची मला गरज वाटत नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. आय. सी. एस., वकिली, इंजिनिअरिंग असे मार्ग मोकळे असता त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षकाची जागा पत्करली आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसन कॉलेजात शिकविले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला येईल तो. सोसायटीतील टिळक-आगरकर वादाची कथा येथे नको. ती सर्वांना पाठ आहे. आगरकरांच्या ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू गोखले काही काळ सांभाळीत असत, एवढे नोंदवून पुढे जातो.

त्यांना खरे घडविले ते न्यायमूर्ती रानड्यांनी. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादकत्व १८९० मध्ये गोखल्यांकडे आले. रानडे त्यांना सरकारी अहवालांचे जाड जाड ग्रंथ वाचावयास देत, टिपणे काढावयास लावीत आणि एखादा आकडा सैल आढळला की ते टिपण परत करीत. या शाळेतला दुसरा गुरू म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. हे सरकारी हायस्कूलचे हेडमास्तर; सोलापुरात पुष्कळ वर्षे होते. सरकारी नोकर असल्यामुळे आर्थिक विषयांवरील त्यांचे लेख त्रैमासिकात निनावी छापले जात. गोखल्यांच्या वेल्बी कमिशनपुढील साक्षीमागे आणि पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणामागे जोश्यांची टिपणे होती, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. इतरांना जोश्यांचे नावही ठाऊक नाही. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या निनावी हेडमास्तरांविषयी थोडी अधिक आपुलकी वाटली, तर वाचकांनी ती क्षम्य मानावी.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीदार होते आणि दादाभाई नौरोजी तर कमिशनचेच एक सभासद होते. तिशीतील या प्राध्यापकाने एप्रिल महिन्यात उलटतपासणीला जी उत्तरे दिली त्यांनी ऐकणारे चकित झाले. पण त्याच प्रवासाने त्यांना आयुष्यातील सर्वांत कटू प्रसंगही दाखविला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या गोऱ्या सोजिरांच्या वर्तनाविषयी स्नेह्यांच्या पत्रांतून आलेल्या तक्रारी त्यांनी विलायतेतील वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केल्या. परत आल्यावर पुराव्याची मागणी झाली, तेव्हा एकही जण पुढे येईना. पत्रलेखकांची नावे सांगणे गोखल्यांना शक्य नव्हते. त्यांनी जाहीर व निःशेष माफी मागितली. इंग्रजांनी खोटारडा म्हटले, स्वकीयांनी भित्रा म्हटले. ती माफी आवश्यकतेपेक्षा अधिक लवून मागितली, असे मला आजही वाटते. पण त्यानंतर आपला पुरावा सरकारच्याच कागदांतून काढावयाचा, हा त्यांचा नियम झाला, आणि त्याचे फळ पाच वर्षांनी दिसले.

रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिरोजशहा मेहतांच्या जागी मुंबई प्रांतातर्फे वरिष्ठ कायदे मंडळावर गोखल्यांची निवड झाली. १९०२ च्या प्रारंभी ते कलकत्त्यात असताना दक्षिण आफ्रिकेहून आलेले एक तरुण बॅरिस्टर महिनाभर त्यांच्याकडे पाहुणे होते. मोहनदास गांधी त्यांचे नाव. आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय अगदी शेजारीच राहत आणि वरचेवर येत. गोखले ट्रामऐवजी घोडागाडीने जातात हे गांधींना खटकले, आणि लोकांच्या गराड्यामुळे आपल्याला ट्रामचे सुख कसे लाभत नाही, हे गोखल्यांना त्यांना समजावून सांगावे लागले. या भेटीगाठींच्या दिवसांतच पहिल्या भाषणाचा दिवस जवळ येत होता.

त्या काळच्या अंदाजपत्रकाच्या चर्चेची रीत आज ऐकली तर नवल वाटेल. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय; त्या वर्षी लॉर्ड कर्झन. सभासदांना वर्षातून एकदा भाषण करण्याची मुभा. मतदान नाही, ठराव नाही, कपात सूचना नाही. बहुतेक सभासद अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत, आपल्या प्रांतासाठी एखादी मागणी करीत आणि खाली बसत. १९०२ साली तर अभिनंदनाला निमित्तही मोठे होते. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती. दोन भयंकर दुष्काळांनंतर एवढी शिल्लक उरते, त्या अर्थी देश सावरला आहे, रयत सुखी आहे आणि कारभार चोख आहे, असा सरकारी बाजूचा सूर होता. शिल्लक म्हणजे भरभराट, हे समीकरण इतके सोपे होते की कोणाला त्यात शंका घेण्यासारखे काही दिसले नाही.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी त्या समीकरणालाच हात घातला. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असे त्यांनी आरंभीच सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. सरकारजवळ पैसा उरला हे खरे. पण उरला याचा अर्थ लागणार होता त्याहून अधिक घेतला, एवढाच होतो. तो देशाच्या समृद्धीचा पुरावा होत नाही. लोक हलाखीत असताना सरकारची तिजोरी भरत असेल, तर अशी शिल्लक हा लोकांवर झालेला अन्यायच होय.

ही शिल्लक आली कोठून, हा यातील मर्माचा भाग आहे, आणि येथे थोडा हिशेब करणे भाग आहे. हिंदुस्थान सरकारला विलायतेत दरवर्षी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम पाठवावी लागे. कर्जावरील व्याज, पेन्शने, लष्कराचा खर्च इत्यादींसाठी. कर मात्र रुपयांत वसूल होत. चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरला आणि १८९४-९५ च्या सुमारास तो तेरा पेन्सांवर आला. म्हणजे एक पौंड पाठविण्यास साडेअठरा रुपये लागू लागले. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले किंवा नव्याने बसविले: १८८६ मध्ये प्राप्तीवरील कर, १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये, पुढे आयात जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के अबकारी. इकडे १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्यामुळे रुपया कृत्रिमपणे महागला आणि शतकाच्या अखेरीस सोळा पेन्सांवर स्थिर झाला. पौंड आता पंधरा रुपयांत मिळू लागला. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. दीड कोटी पौंडांवर सव्वापाच कोटी होतात. ज्या अडचणीसाठी कर वाढविले ती अडचण गेली, कर मात्र राहिले. सात कोटींतला मोठा वाटा हा असा होता. शिवाय महाग रुपयामुळे शेतकऱ्याला सारा भरण्यासाठी अधिक धान्य विकावे लागे, आणि बायकांच्या अंगावरील चांदी, जी गरिबांची एकमेव बँक, तिचे मोल उतरले, ते वेगळेच.

आमच्या खात्यात नवीन रुजू झालेल्या मुलांना मी हा हिशेब कधीकधी फळ्यावर करून दाखवीत असे. कर तात्पुरता म्हणून येतो आणि कायमचा होऊन बसतो, हे त्यांना समजावण्यास याहून सोपे उदाहरण मला मिळाले नाही.

मिठाच्या करावर गोखल्यांनी १८९० च्या कलकत्ता काँग्रेसपासूनच बोलण्यास सुरुवात केली होती. या कराचे सरकारी समर्थन असे की, तो इतका थोडा पडतो की कोणाला जाणवत नाही, आणि दुसरा कोणताच कर न भरणाऱ्या गरिबानेही राज्याच्या खर्चात काही हिस्सा उचलावा हे न्याय्यच आहे. वाक्य सौम्य, पटण्यासारखे. गोखल्यांनी त्याला उत्तर देताना गरिबीची वर्णने केली नाहीत. त्यांनी सरकारच्याच मीठ खात्याचे तक्ते उघडले आणि कर वाढल्यानंतर मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने कसा रोडावला ते दाखविले. मिठासारखी वस्तू ज्याला कमी करावी लागते त्याला कर जाणवत नाही, असे म्हणणार कोण? आणि गरीब कर भरत नाही हेही खरे नव्हते. सारा, स्टँप, अबकारी, जंगल यांतून तो आपल्या ऐपतीच्या मानाने श्रीमंतापेक्षा जास्तच भरीत होता.

१९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, आणि १९०७ मध्ये एक. प्राप्तीवरील करातही १९०३ मध्ये पाचशेऐवजी हजार रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाला माफी मिळाली. एका मतदानहीन सभेत, वर्षातून एका भाषणाच्या बळावर हे सर्व गोखल्यांनीच घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भरलेली तिजोरी आणि काँग्रेसचे ठराव यांचाही त्यात वाटा होता. पण दर कपातीनंतर खप वाढल्याचे आकडे पुढच्या वर्षी सभागृहापुढे ठेवून पुढची कपात मागण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

दरम्यान त्यांच्या आयुष्यात पुष्कळ काही घडत होते. १९०५ च्या जून महिन्यात पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना, त्याच वर्षअखेरीस बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद, मग सुरतेची फूट, मोर्ले-मिंटो सुधारणा, विलायतेच्या फेऱ्या. मधुमेहाने आणि हृदयाच्या दुखण्याने शरीर पोखरले जात होते. या सर्वांवर ग्रंथ आहेत. मला वाचकांना न्यावयाचे आहे ते १९११ च्या मार्चमध्ये, पुन्हा त्याच गव्हर्नमेंट हाऊसमध्ये.

कर कमी करा म्हणून दहा वर्षे भांडलेला हा मनुष्य आता खर्च वाढवा म्हणून उभा राहिला. वास्तविक या दोन्ही मागण्या त्यांच्या लेखी कधीच वेगळ्या नव्हत्या. शिल्लक उरतेच आहे आणि कर कमी करावयाचाच नसेल, तर ती रेल्वेच्या रुळांत आणि कर्जफेडीत न घालता शिक्षण आणि आरोग्य यांसाठी द्या, असे ते आधीपासूनच सांगत होते. १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि सरकारच्या आश्वासनावरून परत घेतला. १६ मार्च १९११ रोजी विधेयकच आणले.

ते इतके सावध होते की आज वाचताना क्वचित अधीर व्हायला होते. सक्ती देशभर नाहीच. ज्या नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या हद्दीत ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच, तीही त्या संस्थेने ठरविले तर आणि प्रांतिक सरकारने मंजुरी दिली तर. प्रथम सहा ते दहा वर्षांचे मुलगे. मुलींचा प्रश्न पुढे. दहा रुपयांहून कमी मासिक प्राप्ती असलेल्या पालकाला फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारचे, एक हिस्सा स्थानिक संस्थेचा आणि त्यासाठी गरज पडल्यास तिला शिक्षणकर बसविण्याची मुभा. बडोद्यास सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीपासून आरंभ करून १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते, तो दाखला त्यांच्या हाताशी होता. आणि खुद्द इंग्लंडने हेच केले होते, तेही फार जुने नव्हते.

विरोधाचे मुद्दे मोठे बोलके आहेत. शिक्षण वाईट, असे कोणीच म्हटले नाही. पैसा नाही, असे म्हटले. लोकांचीच मागणी नाही, असे म्हटले. गरीब बापाच्या शेतावर राबणारा हात सक्तीने काढून घेणे हा गरिबावरच जुलूम आहे, असे म्हटले. नवा कर रयतेला आवडणार नाही, असेही म्हटले. आणि हा मुद्दा ज्या बाकांवरून आला त्यांनी मिठाचा कर रयतेला आवडतो की नाही, हे कधी विचारले नव्हते. सरकारच्या पसंतीच्या खर्चाला पैसा लागला की ती निकड ठरे. शाळेला लागला की ओझे. जमीनदारांचे काही प्रतिनिधीही विरोधात गेले. मजुरांची मुले शिकली तर शेतावर कोण येईल, ही त्यांची चिंता होती, आणि ती निदान प्रामाणिक होती.

गोखल्यांनी पैशाच्या मुद्द्याला बगल दिली नाही. आयात जकात थोडी वाढविता येईल, असे त्यांनी सुचविले. एवढेच नव्हे, तर जो मिठाचा कर उतरविण्यात आपले आयुष्य गेले तो शिक्षणासाठी काहीसा वाढवावा लागला तरी आपण तो सोसू, कारण मीठ महाग होणे हे मुले अज्ञानात वाढण्यापेक्षा लहान संकट आहे, असेही ते म्हणाले. त्यांच्या काही स्नेह्यांना हे रुचले नसावे. मला मात्र त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कर चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांनी कधी हवेत विचारलाच नव्हता. कोणाकडून घेतला आणि कोणासाठी खर्चिला, एवढेच ते पाहत आले होते.

१९ मार्च १९१२ रोजी विधेयक निवड समितीकडे पाठविण्याची सूचना ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. जिना आणि मालवीय त्या तेरांच्या बाजूला होते. पराभव होणार हे गोखल्यांना ठाऊक होते आणि तसे त्यांनी भाषणात सांगितलेही. त्यानंतर थोड्याच दिवसांत राजधानी दिल्लीस गेली आणि कलकत्त्यातले त्यांचे हिवाळे संपले.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथेही प्रश्न एका कराचाच होता: करार संपलेल्या हिंदी मजुरांवर आणि त्यांच्या कुटुंबियांवर माणशी तीन पौंडांचा वार्षिक कर. तो महसुलासाठी नव्हताच. मजुराने पुन्हा करार करावा किंवा देश सोडावा यासाठी होता. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जाताना रानड्यांनी दिलेले उपरणे गोखल्यांना घालायचे होते, आणि ते चुरगळलेले असल्याने गांधींनी स्वतः त्याला इस्त्री केली. हा कर १९१४ मध्ये रद्द झाला. त्याच साली ‘सर’ ही पदवी देऊ केली असता गोखल्यांनी ती नम्रपणे नाकारली.

गोखल्यांच्या विधेयकातील कल्पनेचा पुढचा प्रवास लांबचा आहे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांताच्या नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. मिठावरील कर १९२३ मध्ये पुन्हा अडीच रुपये करण्यात आला, वर्षभरात उतरवावा लागला आणि १९४७ मध्ये रद्द झाला. २००४ मध्ये केंद्र सरकारने करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसविला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विधेयकाच्या पराभवानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

शब्दांचा खेळ मात्र अजून तसाच आहे. आमच्या फायलींत गरिबाला दिलेल्या रकमेला अनुदान म्हणतात आणि उद्योगाला सोडलेल्या कराला प्रोत्साहन. २००६ सालापासून केंद्रीय अंदाजपत्रकाबरोबर करसवलतींचे एक विवरण छापले जाऊ लागले, तेव्हा त्याच्या नावात सोडून दिलेला महसूल असे शब्द होते. पुढे ते नाव बदलून कर-प्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम असे सौम्य करण्यात आले. रकाने बहुतांशी तेच राहिले. गोखले असते तर त्यांनी नावाकडे दुर्लक्ष करून रकाने पाहिले असते, असे मला त्या पानापाशी नेहमी वाटते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. आयुष्यभर विरोधात राहिलेले टिळक सिंहगडावरून उतरून अंत्ययात्रेस आले आणि स्मशानात त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. फर्ग्युसनमध्ये असताना गोखल्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे एक पुस्तक लिहिले होते. त्याच्या उत्पन्नावर त्यांच्या घरखर्चाचा काही भार चालत असे. ते गेल्यानंतरही पुष्कळ वर्षे हिंदुस्थानातील शाळांतून मुले त्यातील उदाहरणे सोडवीत होती.